यवतेश्वरचा घाट पळायच्या आधी

रविवारी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट पळायचा आणि तुम्ही मधुमेहासाठी इन्सुलिनवर किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्यांवर असाल, तर बुटांचं नंतर बघू. आधी सांगा, शनिवारी पायांनी काय केलं?

मोठ्या माणसाच्या स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, यकृतात साधारण शंभर. यकृत आपली साखर रक्तात सोडतं. स्नायूची मात्र त्याच्यापुरतीच. शनिवारी अजिंक्यतारा किल्ला दोनदा चढलात आणि रात्री दोन घास खाऊन आडवे झालात, तर मांड्या सकाळी रित्याच. रिता स्नायू पळताना रक्तातली साखर जास्त ओढतो, तीही इन्सुलिनची वाट न बघता. भरलेला आधी घरचं खातो. १९६६ साली स्वीडनमध्ये बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन यांनी एकच पाय सायकलवर दमवून पाहिला. पुढचे तीन दिवस भरपूर पिष्टमय खाल्ल्यावर त्याच पायातला साठा दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास गेला. म्हणून शुक्रवारी पळा, शनिवारी पाय जपा, रात्री भाकरी-भात नेहमीसारखा जेवा. (‘साखर वाढेल’ म्हणून उपाशी झोपणारे आमच्या ग्रुपात दोघं आहेत. ऐकत नाहीत.)

डोस किती कमी करायचा ते डॉक्टरांना आठवडाभर आधी विचारा. सुई मांडीत नको, पळताना तिथून इन्सुलिन लवकर चढतं. निघताना साखरेचा मीटर ९० च्या (mg/dL) खाली दिसला तर एक केळं खाऊन थांबा. टाइप १ वाल्यांनी (ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) २५० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून बनणारे आम्ल पदार्थ) तपासल्याशिवाय पळू नये.

खिशात ग्लुकोजची पुडी. कंदी पेढा नको. खव्यातल्या स्निग्धामुळे साखर सावकाश चढते. गेल्या पावसाळ्यात वरच्या वळणावर माझे हात थरथरायला लागले, तेव्हा पेढाच होता खिशात. मीटर ६२. पंधरा मिनिटं कठड्यावर बसून पावसात भिजलो. ७० च्या खाली गेलं की पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. मीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, सोबत कोरडा रुमाल: ओल्या बोटाने आकडा खोटाच कमी येतो, पेढ्याच्या बोटाने खोटाच जास्त.

चढाला जोर लावला की साखर थोडी वाढलेलीही दिसेल. लगेच इन्सुलिन टोचू नका. रिकामे स्नायू रात्रीपर्यंत साखर ओढत राहतात, तेव्हा झोपताना एकदा तपासा आणि ग्लुकोजची दुसरी पुडी कुठे ठेवलीय ते घरात सांगून ठेवा.