पिन पिवळ्यावर आली की हात सुटतो? टार्गेट पॅनिकवरचा इलाज

तिरंदाजीचं मैदान. फुल ड्रॉ झाला म्हणजे दोरी पूर्ण ओढली, अँकर बसला म्हणजे ओढणारा हात जबड्याशी ठरल्या जागी टेकला, साइटवरची पिन, म्हणजे नेम धरायचा ठिपका, खालून वर येतेय. फेसच्या, म्हणजे निशाणाच्या कागदाच्या, मधल्या पिवळ्याच्या कडेला टेकते न टेकते तोच बोट रिलीजच्या (दोरी धरून सोडणाऱ्या यंत्राच्या) ट्रिगरवर आपटतं आणि बाण गेलेला असतो. कुणाचं नेमकं उलटं होतं. पिन लाल पट्ट्यात अडकते ती अडकतेच, जोर लावून वर न्यावी तर झटका बसतो. रिकर्व्हवाल्यांचा, म्हणजे चाकं नसलेला बो (धनुष्य) बोटांनी ओढणाऱ्यांचा, त्रास आणखी निराळा. क्लिकर, म्हणजे खेच पूर्ण झाली की टक् वाजणारी पट्टी, वाजायच्या आतच बोटं उघडतात, नाहीतर क्लिकर दोन मिलिमीटरवर असताना खेच जागच्या जागी थिजते. या सगळ्याला टार्गेट पॅनिक म्हणतात. नवख्याला तो क्वचितच होतो. बऱ्यापैकी स्कोअर काढायला लागलेल्यालाच हा गाठतो, म्हणून जास्त झोंबतो.

मैदानावर यावर ठरलेला संवाद असतो. "सर, पिन वर जातच नाही जी." "टेन्शन घेऊ नको, बिनधास्त मार." हा सल्ला बिनकामाचा आहे, कारण बिघाड धीराचा नसून सवयीचा आहे.

बाण मारताना दोन कामं एकाच वेळी चालतात. डोळ्याने पिन पिवळ्याच्या आसपास ठेवायची आणि पाठीने खेच चालू ठेवायची. रिलीज, म्हणजे बाण सुटणं, या दुसऱ्या कामातून व्हायला हवा. पण हजारो बाण मारता मारता मेंदू मधली वाट काढतो, पिवळं दिसलं की सोड. आपल्या नागपुरात व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा होतो न होतो तोच मागच्याचा अंगठा हॉर्नवर पडलेला असतो, त्याने काही विचार करून दाबलेला नसतो. तसंच हे. पिन अडकणाऱ्याची गोष्टही वेगळी नाही. पिवळ्यात गेलो तर हात सुटेल हे मेंदूला माहीत असतं, म्हणून तो पिनला आतच जाऊ देत नाही. तेव्हा डोळा आणि रिलीज यांची ही गाठ आधी सोडवायची, दोन्ही कामं वेगवेगळी पक्की करायची आणि मग थोडी थोडी करून परत जोडायची. पुढचं सगळं एवढ्यासाठीच आहे, आणि त्याला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात.

आधी सामान तपासा

बऱ्याच केसेसमध्ये पॅनिकच्या आड बो बसलेला असतो. तीन मीटरवर फेस न लावलेला बट्रेस (बाण झेलणारी गादी) ठेवा, फुल ड्रॉ करा, अँकर लागला की डोळे मिटा आणि बाण सोडा. असे दहा. दहाही शांतपणे गेले तर बिघाड डोळ्याच्या वाटेने आलेला आहे, सरळ पुढच्या भागाकडे जा. इथेही हात घाई करत असेल तर बहुधा बोचं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, जास्त आहे किंवा ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी मागे येण्याची लांबी, चुकलेली आहे.

वजनाचा हिशेब असा. ५० पौंडांच्या कंपाउंडला, म्हणजे चाकांच्या बोला, ७५ टक्के लेट-ऑफ (शेवटी हातावरचा भार कमी होणं) असेल तर फुल ड्रॉला हातात साडेबारा पौंडच राहतात. ४० पौंडांच्या रिकर्व्हला पूर्ण ४० धरावे लागतात. फुल ड्रॉवर पंधरा सेकंद खांदा वर न चढता थांबता येत नसेल, तर तो बो सध्या तुमच्यासाठी जड आहे. लिंब, म्हणजे बोची पाती, धरणारा बोल्ट वरचा आणि खालचा अगदी सारखाच फिरवून दोन ते चार पौंड उतरवा. कंपनीने दिलेल्या मर्यादेपलीकडे बोल्ट सैल करू नका, लिंब निसटला तर तोंडावर येतो. वजन उतरवल्यावर बाणाचा स्पाइन, म्हणजे ताठपणा, जुळणार नाही, पण तीन मीटरवर त्याने काही बिघडत नाही.

रिकर्व्ह असेल तर क्लिकरची जागा बघा. डोळे मिटून अँकरला आल्यावर दुसऱ्याने बघून सांगावं की बाणाचं टोक क्लिकरखालून निघायला किती बाकी आहे. तीन-चार मिलिमीटर ठीक. आठ-दहा बाकी असतील तर तुम्ही रोज न झेपणारी खेच मागताय, मग बोटं आधी उघडणारच. वाढत्या वयाच्या मुलांचं हे दर दोन-तीन महिन्यांनी बघावं लागतं.

आपल्याकडचं एक खास. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत किंवा उन्हातल्या स्कूटरवर बो ठेवला की स्ट्रिंग ताणते, पीप (दोरीतलं बघायचं भोक) फिरतो, ड्रॉ लेंग्थ हलते. दुसऱ्या दिवशी पीपमधून नीट दिसत नाही, डोळा घाबरतो, हात घाई करतो, आणि पोरगं म्हणतं पॅनिक झाला. आधी पीप सरळ करा.

पोतं

पहिल्या तीन आठवड्यांचं मुख्य सामान म्हणजे पोतं. इतवारीच्या किंवा कळमन्याच्या बाजारात जुना बारदाना मिळतो. पन्नास किलोचं तागाचं पोतं घ्या, प्लास्टिकचं नको, बाण ओढताना त्याचे धागे शाफ्टला, म्हणजे बाणाच्या दांड्याला, गुंडाळतात. त्यात जुने सुती कपडे कोंबायचे. चेन, बटणं, हुक सगळे कापून काढा, नाहीतर कार्बनचा बाण त्यावर आपटून चिरतो. प्रत्येक थर पायाने तुडवत भरा. भरून झाल्यावर उचलायला दोघं लागायला हवेत. एकट्याने सहज उचललं तर अजून सैल आहे. कंपाउंडसाठी अशी दोन पोती एकामागे एक ठेवा आणि मागे आंधळी भिंत हवीच. गच्चीवर हा उद्योग करू नका, एक बाण सुटला तर शेजाऱ्याची पाण्याची टाकी आणि तुमची तिरंदाजी एकदमच जाईल.

पोत्यावर फेस नाही, ठिपका नाही. बोची साइटही काढून ठेवा. दोन-तीन मीटरवर उभं राहा, बाण पोत्याच्या मध्यावर आहे एवढं उघड्या डोळ्यांनी बघा, अँकर लागला की डोळे मिटा. आता लक्ष फक्त पाठीकडे. ड्रॉच्या हाताचं कोपर मागे सरकतंय, खांद्याचं पातं मणक्याकडे जातंय, हे जाणवेपर्यंत सोडायचं नाही. रोज चाळीस-पन्नास बाण पुरे. बाण पोत्यात साचू देऊ नका, एकावर एक बसून नॉक, म्हणजे शेपटीच्या खाचा, फुटतात. एक बाण मारायचा, काढायचा, शाफ्ट हलका वाकवून चीर आहे का ते बघायचं, मग पुढचा.

या वेळी तोंडाला एक काम द्या. फुल ड्रॉला आल्यावर हळू आवाजात "मागे... मागे... मागे..." म्हणत राहायचं, बाण सुटेपर्यंत. मनात नाही, ओठ हलले पाहिजेत. मोजू नका, कारण एक-दोन-तीन म्हटलं की तीनला हात सुटायची नवी सवय लागते. शब्द मध्येच तुटला तर रिलीज तुमच्या हुकमाने झालेला नाही, तो बाण वाया. वहीत रोज एकच नोंद ठेवा, दहा बाणांपैकी किती "मागे" चालू असताना सुटले. तीन आठवडे झाले आणि तीन दिवस सलग दहात नऊ आले की पुढे जा. पोरं इथेच कंटाळतात. आठव्या दिवशी गुपचूप साइट लावून तीस मीटरवर जातात, चार बाण छान पडतात, पाचव्याला सगळं परत. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे.

कंपाउंडवाल्यांसाठी ट्रिगरचं थोडं सविस्तर. बोट आपटतंय म्हणून ट्रिगर आणखी हलका करणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. उलट करा. ट्रिगर जड करा, बोटाचं टोक न लावता पहिल्या सांध्यात तो अडकवा आणि बोट हुकासारखं तसंच ठेवून कोपर मागे न्या. तरीही आपटत असेल तर काही महिने हिंज रिलीज वापरा. त्याला ट्रिगरच नसतो, हात मागे जाताना तो फिरतो आणि सुटतो. पण बोवर लावायच्या आधी दोरीवर सराव करा. न ताणणारी तीन मिलिमीटर जाडीची दोरी घ्या, बोच्या हाताच्या पकडीपासून अँकरपर्यंतचं अंतर मोजा, त्याच्या दुप्पट अधिक गाठीसाठी सहा इंच कापा आणि गोल बांधा. एका हातात दोरी बोसारखी धरायची, दुसऱ्या हातातला रिलीज तिच्यात अडकवायचा आणि बाण मारल्यासारखं सोडायचं. असं दोनशे वेळा. हिंज सुरुवातीला उशिरा सुटेल असा लावा आणि ड्रॉ करताना अंगठा रिलीजच्या खुंटीवरून हलवू नका. ड्रॉच्या मध्यात हिंज सुटला तर स्वतःच्याच मुठीचा ठोसा जबड्यावर बसतो, आणि बाण कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. ताणावर सुटणारा रिलीज असेल तर तो होल्डिंग, म्हणजे फुल ड्रॉला हातात राहणाऱ्या, वजनापेक्षा तीनेक पौंड वर लावा. होल्डिंग १३ तर रिलीज १६.

रिकर्व्हवाल्यांनी या आठवड्यांत एक निराळा सराव जोडावा. क्लिकर वाजला तरी सोडायचं नाही, आणखी दोन सेकंद खेचत राहायचं आणि बो उतरवायचा. दहातले सहा असे, चार सोडायचे. क्लिकर म्हणजे शर्यत सुरू करणाऱ्या बंदुकीचा आवाज, ही मेंदूची समजूत यानेच मोडते.

नुसतं बघायला शिका

दुसरा आठवडा संपत आला की पोत्याच्या जोडीला हे सुरू करा. १२२ सेंटिमीटरचा फेस, दहा मीटर, साइट लावलेली. फुल ड्रॉ करायचा, पिन पिवळ्यात आणायची, सहा ते आठ सेकंद तिथे ठेवायची आणि उतरवायचं. बाण लावलेला असला तरी मारायचा नाही हे आधीच ठरलेलं. रोज दहा-बारा वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. ज्यांची पिन खाली अडकते त्यांनी खालून वर येऊच नये. बो थोडा वर उचलून ड्रॉ करा आणि पिन वरून पिवळ्यात उतरू द्या. अडकायची जागा खाली तयार झालेली असते, वरून ती लागत नाही.

पिन हलणार. सगळ्यांची हलते. ती थांबवायला गेलात की हात ताठरतो आणि थरथर वाढते. पिन पिवळ्याभोवती घोटाळत असताना बाण साधारण त्या घोटाळ्याच्या मध्यावर जातो, म्हणून तिला घोटाळू द्यावं. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत फायनलला १५० पैकी १५० केले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक कंपाउंडवाल्या पोराच्या डोक्यात पंधरा बाणांना पंधरा दहा बसलेत. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त आठ सेंटिमीटरचं असतं. पिन त्यात गोठवूनच मारायची असं ठरवलं की पिन आत आल्याच्या क्षणी बोट आपटणारच.

जोडणी

आता दोन्ही कामं एकत्र आणायची, पण चोरपावलांनी. फेस उलटा लावा, नुसता पांढरा कागद दिसेल असा. पाच मीटरवरून दोन दिवस "मागे, मागे" म्हणत मारा. मग फेस सुलटा करा. पाच मीटरवरून १२२ चा पिवळा परातीएवढा दिसतो, तो चुकायची भीती उरत नाही. तीन दिवस नीट गेले की पाच मीटर मागे सरका. बारा बाणांत दोन घाईने गेले की पाच मीटर पुढे या. या नियमाला सूट नाही, उद्या स्पर्धा असली तरी नाही.

सोबतीला कुणी असेल तर त्याला मागे उभं करा. तुम्ही फुल ड्रॉला आलात की तो कधी "उतरव" म्हणेल, कधी काहीच बोलणार नाही. काही बोलला नाही तर मारा. एकटे असाल तर सहा चिठ्ठ्या करा, चारांवर उतरव, दोनांवर मार. बाण लावायच्या आधी चिठ्ठी उघडायची. फुल ड्रॉवरून बो उतरवता येणं हीच यातली खरी कमाई आहे, कारण ज्याला उतरवता येतं त्याचाच हात त्याच्या ताब्यात असतो.

इंडियन राउंड या देशी प्रकारातल्या बांबूच्या बोवर साइट नसते, क्लिकर नसतो, त्यामुळे तिथला पॅनिक घाईचाच असतो. अँकर लागायच्या आतच बाण जातो. दोरी हनुवटीला आणि नाकाच्या टोकाला, दोन्हीकडे टेकल्याशिवाय सोडायचं नाही, एवढी एकच खूण धरा. बाकी पोतं, चिठ्ठ्या, पाच मीटरची चढण सगळं तेच.

घड्याळ सगळ्यात शेवटी आणा. मॅचमध्ये आळीपाळीने एका बाणाला २० सेकंद मिळतात, आणि तो आकडा उतरताना दिसला की जुनी जोडणी जागी होते. फोनवर २० सेकंद लावा आणि आधी दहा मीटरवरच सराव करा. बो पहिल्या पाच सेकंदांत उचलला गेला पाहिजे. बाराव्या सेकंदाला खेच थिजलेली वाटली तर सराव असेपर्यंत उतरवाच. स्कोअर लिहायला मात्र घड्याळाची सवय झाल्यावरच सुरुवात करा, तीही आठवड्यातून एकदा.

उन्हाळ्यात हे सगळं सकाळी साडेपाच ते आठ यात उरका आणि मग तर्री पोहे खा. नऊनंतर घामाने बोट ट्रिगरवरून घसरतं, टॅब (रिकर्व्हवाल्यांच्या बोटांवरचं चामडं) ओला होतो, आणि घसरलेला बाण पॅनिक म्हणून वहीत चढतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी उलट काळजी. रबर बँड दहा मिनिटं ओढून पाठ गरम केल्याशिवाय पहिला बाण मारू नका, थंड पाठ खेच अर्ध्यावर सोडते.

पॅनिक परत येतो, विशेषतः मोठ्या स्पर्धेनंतरच्या आठवड्यात. सलग दोन एंडमध्ये, म्हणजे बाणांच्या दोन फेऱ्यांत, "मागे" तुटलं तर त्या दिवशी स्कोअर बंद, साइट काढायची आणि तीन दिवस पोतं. म्हणून पोतं टाकून देऊ नका. पावसाळ्यात ते जमिनीवर राहिलं तर ओल धरून खालून कुजतं. जूनच्या आधी चिंध्या उपसून एक दिवस उन्हात टाका, परत तुडवून भरा आणि दोन विटांवर ताडपत्रीखाली ठेवा.