एनव्हीडीएमध्ये स्वतःचे शॉर्टकट कसे लावावेत आणि स्क्रिप्टची गरज कधी पडते

एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचे बोलून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एखादा शॉर्टकट हवासा वाटला की अनेक जण लगेच स्क्रिप्ट, म्हणजे नवी आज्ञा घडवणारा छोटा कोड, शोधायला निघतात. बहुतेकदा तिची गरजच नसते. एनव्हीडीएमध्ये कितीतरी आज्ञा तयार आहेत, फक्त त्यांना बटण दिलेले नाही. फॉन्टमधले बदल वाचणे चालू-बंद करणे ही त्यातलीच एक. म्हणून आधी हवी ती आज्ञा आहे का ते पाहावे. स्क्रिप्ट हा शेवटचा पर्याय.

बटण निवडणे

खरी डोकेदुखी इथे आहे. एनव्हीडीए+१ दाबून इनपुट हेल्प चालू करा (एनव्हीडीए बटण म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक, तुम्ही जे ठरवले असेल ते) आणि मनातली जोडी दाबून पाहा. नुसती बटणांची नावे ऐकू आली तर एनव्हीडीएच्या लेखी ती जोडी मोकळी आहे. त्यापुढे एखादे वर्णन ऐकू आले तर ती आधीच कामात आहे. पुन्हा एनव्हीडीए+१ दाबून हेल्प बंद करा. मग तीच जोडी तुमच्या रोजच्या प्रोग्राममध्ये दाबून पाहा, कारण त्या प्रोग्रामचे स्वतःचे शॉर्टकट इनपुट हेल्प सांगत नाही.

कंट्रोल+ऑल्टच्या जोड्या शक्यतो टाळा. ज्या कीबोर्ड मांडणीत उजव्या ऑल्टने जास्तीची अक्षरे उमटतात, तिथे विंडोज ते बटण कंट्रोल+ऑल्ट म्हणूनच ओळखते. मग लिहिता लिहिता मध्येच तुमची आज्ञा चालते. विंडोज+एल आणि कंट्रोल+ऑल्ट+डिलीट या विंडोजच्या राखीव जोड्या, त्या मिळणार नाहीत. नुसते अक्षर तर मुळीच देऊ नका, ते अक्षर टाइप करता येणार नाही. एनव्हीडीए+शिफ्ट आणि एक अक्षर, ही त्यातल्या त्यात सुरक्षित चाल.

शॉर्टकट लावणे

१. ज्या ठिकाणी शॉर्टकट वापरायचा तिथेच उभे राहा. आज्ञांना बटणे जिथे देतात त्या ‘इनपुट जेश्चर्स’ खिडकीतल्या यादीत, ती खिडकी उघडण्याच्या क्षणी लागू असलेल्या आज्ञाच दिसतात. वेबपानावरच्या ब्राउझ मोडच्या (पान बाणांनी वाचण्याच्या पद्धतीच्या) आज्ञा हव्या असतील तर ब्राउझ मोडमध्ये असतानाच पुढची पायरी घ्या. ‘यादीत ती आज्ञाच नाही’ असे वाटण्यामागे बहुधा हेच असते.

२. एनव्हीडीए+एन दाबा, प्रेफरन्सेसमध्ये जाऊन इनपुट जेश्चर्स उघडा.

३. फिल्टरच्या चौकटीत एखादा शब्द टाइप करा, म्हणजे यादी आटोपशीर होईल. टॅबने यादीत या, उजव्या बाणाने विभाग उघडा आणि आज्ञेवर थांबा.

४. ॲड बटण दाबा आणि लगेच हवी ती जोडी दाबा. छोटा मेनू आला तर घाई करू नका. त्यात तीच जोडी ‘डेस्कटॉप लेआउट’ (एनव्हीडीएच्या बटणांच्या त्या एकाच मांडणीपुरती) आणि ‘ऑल लेआउट्स’ (सगळ्या मांडण्यांत) अशी दोनदा असू शकते. डेस्कटॉप निवडले आणि पुढे एनव्हीडीए लॅपटॉप मांडणीवर नेले, की शॉर्टकट मुका होतो. खास कारण नसेल तर ‘ऑल लेआउट्स’ घ्या.

५. ओके दाबा. एस्केपने बाहेर पडलात तर सगळे वाया गेले.

ती जोडी दुसरीकडे वापरात असल्याचा इशारा मिळेल या भरवशावर राहू नका. बटण निवडतानाची तपासणी त्यासाठीच आहे. मूळ प्रोग्रामचा एखादा शॉर्टकट दबला गेलाच, तर तेवढ्यापुरते एनव्हीडीए+एफ२ दाबावे. पुढची जोडी एनव्हीडीए न अडवता प्रोग्रामकडे जाते.

याच यादीत ‘एम्युलेटेड सिस्टिम कीबोर्ड कीज’ हा विभाग आहे. कीबोर्डवरचे एखादे बटण बिघडले असेल तर त्याचे काम दुसऱ्या जोडीवर टाकता येते. एक खोच मात्र आहे: कंट्रोल+एमला नुसत्या ए अक्षराचे काम दिले, तर प्रोग्रामला कंट्रोल+ए पोहोचू शकते, कारण कंट्रोल अजून दाबलेलेच असते.

शॉर्टकटची ही सगळी जमवाजमव जेश्चर्स डॉट आयएनआय या एकाच फाइलमध्ये राहते. तिची प्रत काढून ठेवा. प्रोफाइल (सेटिंग्जचा वेगळा संच) बदलली तरी शॉर्टकट बदलत नाहीत. मात्र एखादी प्रोफाइल चालू करायला शॉर्टकट देता येतो, तो ‘कॉन्फिगरेशन प्रोफाइल्स’ विभागात सापडतो.

स्क्रिप्ट लिहायचीच असेल तर

सेटिंग्जमधल्या ॲडव्हान्स्ड विभागात स्क्रॅचपॅड या, स्वतःचा कोड ठेवायच्या फोल्डरमधला कोड वापरायची परवानगी द्या आणि तिथल्याच बटणाने तो फोल्डर उघडा. एकाच प्रोग्रामपुरती स्क्रिप्ट त्यातल्या ॲपमॉड्यूल्स या फोल्डरमध्ये, सगळीकडे चालणारी ग्लोबलप्लगइन्समध्ये. प्रोग्राममध्ये असताना एनव्हीडीए+कंट्रोल+एफ१ दाबले की त्याच्या फाइलचे नाव ऐकू येते. तुमच्या पायथन फाइलला (एनव्हीडीएच्या स्क्रिप्ट पायथन या भाषेत लिहितात) शेवटचे ‘.exe’ वगळून तेच नाव हवे. जावातले बरेच प्रोग्राम ‘जावाडब्ल्यू’ या एकाच नावाने चालतात, त्या नावाची स्क्रिप्ट त्या सगळ्यांना लागू होईल.

स्क्रिप्टमधल्या प्रत्येक आज्ञेला वर्णन द्याच. वर्णन नसलेली आज्ञा इनपुट जेश्चर्समध्ये दिसत नाही, म्हणजे पुढे बटण बदलायचे तर कोड उघडणे आले. नवशिक्यांची दुसरी चूक रिकाम्या नावाची असते. फोकसमधल्या, म्हणजे सध्या तुम्ही ज्यावर आहात त्या घटकाचे नाव मागितले आणि त्याला नावच नसले, तर बोलायला सांगितलेली ओळ तिथेच अडखळते. नाव आहे का, हे आधी तपासणारी एक ओळ घाला.

पायथनला ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेचे सोयरसुतक फार. सेटिंग्जमधल्या डॉक्युमेंट फॉरमॅटिंगमध्ये इंडेंटेशन (हीच मोकळी जागा) आवाजाच्या सुरांनी कळेल असे ठेवा. चूक जास्त लवकर कानाला लागते. टॅब आणि स्पेस यांची सरमिसळ करू नका.

फाइल जतन केली की एनव्हीडीए+कंट्रोल+एफ३ दाबा, प्लगइन्स नव्याने लोड होतात. काहीच घडले नाही तर टूल्स मेनूतून लॉग (एनव्हीडीएच्या कामाची नोंद) उघडा आणि शेवटाकडून वर वाचत या. चूक कोणत्या ओळीत आहे ते तिथे असते. स्क्रिप्टने वाचनच बिघडवले, तर ती फाइल स्क्रॅचपॅडबाहेर हलवून एनव्हीडीए पुन्हा सुरू करा.

जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठी: तिथे इन्सर्ट+० ने चालू प्रोग्रामची स्क्रिप्ट फाइल उघडते, कंट्रोल+एसने ती जतन होऊन संकलितही (कंपाइल, म्हणजे चालवण्याजोगी) होते. उघडलेल्या फाइलचे नाव आधी ऐका. ती ‘डीफॉल्ट’ असेल तर तुमचा बदल एका प्रोग्रामपुरता राहणार नाही.