दहापट इंजिनिअर आणि रात्रपाळीची तारीख

कोल्हापुरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत येणारी बहुतेक मुले 'इतरांच्या दहापट काम करणारा इंजिनिअर' ही कल्पना मनात घेऊनच येतात. तिचे मूळ १९६८ साली सॅकमन, एरिक्सन आणि ग्रँट यांनी प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी अभ्यासापर्यंत नेले जाते. अनुभवी प्रोग्रामरांना प्रोग्राममधले दोष शोधायला लागलेल्या वेळेत त्यात २८ पटींचा फरक आढळला होता. परंतु काही जण थेट संगणकावर काम करत होते, काही जण प्रोग्राम देऊन निकालाची वाट पाहत होते आणि सर्वांची भाषाही एक नव्हती. १९९९ मध्ये जर्मन संगणकशास्त्रज्ञ लुट्झ प्रेखेल्ट यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे दाखवले. सर्वांत संथ आणि सर्वांत वेगवान अशा दोनच माणसांची तुलना केली की फरक फुगणारच.

फरक असतो, हे मात्र मी नाकारणार नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतील एका फाउंड्रीसाठी (धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी) केलेल्या सॉफ्टवेअरमध्ये रिजेक्शनचा, म्हणजे सदोष ठरलेल्या मालाचा, दैनिक अहवाल कारखान्याच्या रजिस्टरशी जुळत नव्हता. एक हुशार सहकारी क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढणाऱ्या सूचना) बदलत राहिला. दुसरी सहकारी सरळ कारखान्यात जाऊन सुपरवायझरशेजारी बसली. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतर ओतलेले कास्टिंग कारखाना आदल्या दिवसाच्या खात्यावर धरतो, आपला प्रोग्राम मात्र नव्या तारखेला मोजतो, हे तिला तिथे कळले. दुरुस्ती अवघ्या काही ओळींची होती. ओळी मोजून पगार ठरवणाऱ्याला (असेही साहेब भेटतात) त्या आठवड्यात तिचे काम दिसलेच नसते.

शिवाय वेग एकट्या माणसाचा नसतो. १९८०च्या दशकात डिमार्को आणि लिस्टर या अमेरिकी सॉफ्टवेअर सल्लागारांनी घेतलेल्या प्रोग्रामिंग स्पर्धांत एकाच कंपनीतून आलेल्या दोघांची कामगिरी बरीच मिळतीजुळती निघाली, आणि पुढे राहिलेल्यांच्या कामाच्या जागा अधिक शांत होत्या. आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांत ग्राहक गाडीवरून गाठता येतो, हा मोठा फायदा आहे. पण तोच ग्राहक कोड लिहिणाऱ्यालाच दिवसभर फोन करतो, हेही तितकेच खरे. म्हणून मुलाखतीत पगाराइतकेच स्पष्टपणे विचारावे, की सपोर्टचे फोन कोण घेते, चाचणीसाठी वेगळा सर्व्हर आहे का, आणि नवख्याचा कोड कोणी वाचून पाहते का.