बसथांब्याची झड अडवा, छप्पर नंतर बघू

कोल्हापूरच्या उद्यमनगरात अँगल-पाईपची कामं करतो, त्यामुळं तालमीतली पोरं विचारायला येतात, "मामा, आमच्या थांब्याला काहीतरी करूया की." त्यांना सांगतो तेच इथं लिहितोय.

आधी केएमटी (आपली शहर बससेवा) आणि महापालिकेची लेखी परवानगी घ्या. मग भर पावसात थांब्यावर जाऊन उभं राहा आणि अंग कुठल्या बाजूनं भिजतंय ते बघा. आपल्याकडं झड येते ती बहुतेक गगनबावड्याच्या अंगानं, म्हणजे पश्चिमेकडनं. छप्पर आठ फुटांवर असेल आणि पाऊस ४५ अंशांत आला, तर पाणी आठ फूट आत येतं. पाच फुटी शेडवर कितीही भारी पत्रा घाला, आतला माणूस भिजणारच. म्हणून पहिला पैसा पश्चिमेच्या बाजूला घाला.

तिथं पत्रा नको, पारदर्शक पॉलिकार्बोनेट शीट लावा. येणारी बस आतून दिसली पाहिजे, आणि रात्री एकटी उभी असलेली पोरगी रस्त्यावरच्या चार लोकांना दिसली पाहिजे. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शीट जमिनीपासून अर्धा फूट वर ठेवा, म्हणजे कचरा साठत नाही, झाडू फिरतो. थांब्याचं तोंडच पश्चिमेला असेल, तर शीट रस्त्याच्या बाजूनंही घ्या. फक्त चढायला तीन फुटांची वाट मोकळी सोडा, व्हीलचेअर गेली पाहिजे. चौकट जुन्या खांबाला वेल्डिंगनं जोडू नका. गॅल्व्हनाइज्ड पाईपचा जस्ताचा थर तिथं जळतो आणि गंज तिथनंच धरतो. यू-क्लॅम्प आणि नट-बोल्ट वापरा.

छपराचा उतार मागच्या बाजूला, खाली पन्हळ. पुढं उतार दिला की सगळी धार बस चढणाऱ्याच्या मानेवर.

जागा अरुंद असेल तर बाकडं नको. अडीच फुटांवर आडवा पाईप द्या, टेकायला बास होतो. जागा असेल तर दीड फूट उंचीचं बाकडं करा आणि त्याला खुर्चीसारखे हात बसवा. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठताना हाताला आधार लागतो.

आता दिवा. अंधारात उभा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही आणि गाडी पुढं जाते. छपरावर छोटं सोलर पॅनेल, तोंड दक्षिणेला, कल साधारण १७ अंश, कारण कोल्हापूर विषुववृत्ताच्या तेवढंच उत्तरेला आहे. वर झाडाची सावली नको. खांबावर साडेतीन फुटांवर बटण बसवा, शाळकरी पोराचाही हात पोचतो. दाबलं की वरचा पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकेल आणि टायमरनं आपोआप बंद होईल. ड्रायव्हरला लांबनंच कळतं, इथं कुणीतरी थांबलंय.

वेळापत्रक सरकत्या चौकटीत घाला, वेळा बदलल्या की नुसता कागद बदलायचा.

एवढं सगळं एकदम जमत नसेल तर पश्चिमेची शीट आणि दिवा, हे दोन मिरगाच्या आधी उरका. बोल्ट पहिल्या मोठ्या पावसानंतर परत आवळा.