तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना सुरू करताना

एमबीबीएस झाल्यावर दोन वर्षे एका खासगी रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून काढली आणि त्यानंतर सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी स्वतःचा दवाखाना सुरू केला. या वाटेने येऊ पाहणारे नवे डॉक्टर मला बहुधा दोनच प्रश्न विचारतात: भांडवल किती लागते आणि रुग्ण कधी येऊ लागतात. पहिल्या सहा महिन्यांत गावाला आपल्याविषयी कोणती सवय लावायची, हे मात्र कोणी विचारत नाही. त्या काळात आपण ज्या वेळा पाळतो, जी फी घेतो आणि ज्या गोष्टीला नाही म्हणतो, त्यावरून गाव आपल्याला ओळखू लागते, आणि ती ओळख पुढे बदलू म्हटले तरी सहसा बदलत नाही.

जागेच्या बाबतीत मी सुरुवातीलाच चुकलो. भाडे कमी म्हणून पहिल्या मजल्यावरचा गाळा घेतला. गुडघेदुखीने बेजार झालेल्या आजीबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून नातवाला वर पाठवत, "सायबांना म्हणावं, जरा खाली या," आणि मी गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जिन्यातच रक्तदाब मोजत असे. अकरा महिन्यांचा करार संपताच एसटी स्थानकाच्या रस्त्यावर तळमजल्याची जागा घेतली. भाडे जवळजवळ दीडपट झाले, पण आठवडी बाजाराला आलेली माणसे पिशव्या घेऊन थेट आत येऊ लागली. सामानात सुरुवातीला तपासणीचा पलंग, पडदा, रक्तदाबाचे यंत्र, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि वजनकाटा एवढे पुरते. मात्र इंजेक्शनची जीवघेणी ॲलर्जी उद्भवली तर लागणाऱ्या ॲड्रेनलिनच्या अँप्यूल (काचेच्या कुप्या) आणि ऑक्सिजनचा सिलिंडर जवळ असल्याशिवाय एकही इंजेक्शन देऊ नये, आणि त्या अँप्यूलची मुदत दर महिन्याला पाहावी.

पाटी रंगवताना रंगाऱ्याने खाली उरलेल्या जागेत स्वतःच्या मनाने "सर्व रोगांवर खात्रीशीर इलाज" असे लिहून टाकले होते. ते मी त्याच दिवशी पुसायला लावले. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरला स्वतःची जाहिरात करता येत नाही; दवाखाना सुरू झाल्याची किंवा पत्ता बदलल्याची साधी सूचना वर्तमानपत्रात देता येते, एवढेच. नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक इतका मजकूर पाटीला पुरेसा आहे.

कागदपत्रांची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण ती टाळूही नयेत. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी वैद्यकीय परिषदांना हजेरी लावून मिळणारे ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. ते शेवटच्या वर्षावर ठेवले तर दवाखाना बंद ठेवून परिषदांना पळावे लागते. रुग्ण दाखल करून ठेवायचे असतील तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते आणि सोनोग्राफीचे यंत्र आणायचे तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली वेगळी नोंदणी हवी. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम मात्र एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत, हे अनेकांना उशिरा कळते. माझ्या टेबलाजवळ पांढरा, न टोचणारा डबा असतो. इंजेक्शन दिल्याबरोबर सुई कापून त्यात पडते, सिरिंज लाल पिशवीत जाते आणि कापसाचे बोळे पिवळ्या पिशवीत. हा कचरा ४८ तासांहून अधिक काळ साठवायचा नसतो, म्हणून कचरा नेणाऱ्या संस्थेची गाडी कोणत्या वारी येते हे तिच्याशी करार करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

इंजेक्शनचा विषय निघालाच आहे, तर माझी मोठी चूकही सांगतो. पहिले दोन महिने रुग्ण टिकावेत म्हणून मी अशक्तपणाच्या तक्रारीवर जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत होतो, जिथे गोळ्या पुरल्या असत्या. नंतर ते थांबवले, पण त्या वेळचे काही रुग्ण आजही खुर्चीत बसता बसता बाही वर करतात. साध्या विषाणूजन्य तापाचे एक वयस्कर शेतकरी सुई न दिल्याने इतके रागावले की दारात उभे राहून म्हणाले, "शंभर रुपये घेतले आणि सुईसुद्धा नाही." ते पुन्हा आले नाहीत, त्यांची सून मात्र मुलांना घेऊन येते. पहिल्याच दिवसापासून ठाम राहिलो असतो तर पाच मिनिटे समजावण्यात गेली असती. ती मी आता रोज वीस वेळा घालवतो.

"कट"च्या, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनच्या बाबतीत मात्र सुरुवातच बरी झाली. तिसऱ्या आठवड्यात एका लॅबचा माणूस पाकीट घेऊन आला होता. मी ते परत केले आणि त्या पैशांची सूट रुग्णाच्या बिलात द्यायला सांगितले. त्यानंतर कोणी पाकीट घेऊन फिरकले नाही. असे कमिशन घेणे आचारसंहितेने निषिद्धच आहे. पण नियमापेक्षा पहिला नकार अधिक उपयोगी पडतो, कारण तो सगळीकडे पोहोचतो.

केसपेपर रुग्णाच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत प्रत द्यावी लागते. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आहे, त्यामुळे व्यावसायिक दायित्वाचा विमा दवाखाना उघडण्याआधीच काढावा.

उधारीची वही मी ठेवतो, कारण "उसाचं बिल आलं की देतो" हे वाक्य इथे खोटे नसते. बिल आले की बहुतेक जण खरोखर येऊन देतात. वेळेचे मात्र मला अजून जमलेले नाही. पाटीवर सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ असे लिहिले असले, तरी पहिल्या वर्षी मी रात्री अकरा वाजता आलेल्या साध्या सर्दीसाठीही शटर वर करत होतो, आणि आता अकरा वाजता शटर वाजले की माझ्याआधी आमच्या घरातली माणसेच म्हणतात, "उठा, कोणीतरी आलंय."