बंद झालेली गाडी परत हवी असेल तर आधी फाट्यावर बसा

आमची संध्याकाळी सव्वापाचची एसटी गाडी बंद झाली, तेव्हा आम्ही बचत गटातल्या बायका अर्ज घेऊन आगारात गेलो. "भारमान नाही," म्हणजे सीटांच्या मानाने प्रवासी पुरेसे नाहीत, एवढंच उत्तर मिळालं. ते खोटं नव्हतं. गाडीचा भरवसा गेला तशी ज्याला जमलं त्याने कर्ज काढून दुचाकी घेतली आणि गाडी रिकामी होत गेली. राहिली ती कॉलेजची मुलं, म्हातारी माणसं आणि आम्ही. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गाडीच नाही तर ते फाडायचं कुठे?

म्हणून अर्जाआधी मोजणी करा. भारमानात फक्त गाडीत बसलेली माणसं दिसतात, फाट्यावर ताटकळणारी दिसत नाहीत. हायवेच्या फाट्यापासून आमचं गाव नऊ किलोमीटर आत. तिथे आम्ही पाळीपाळीने सोमवार ते शनिवार, पाच ते साडेसहा, वही घेऊन बसलो. कोण, कुठल्या वाडीचं, शेवटी घरी कसं गेलं आणि किती पैसे मोडले, एवढंच लिहायचं. सोमवारी 19 माणसं, बाजाराच्या दिवशी 41. स्पेशल रिक्षाला दोनशे रुपये. तीन मुली रोज सड्यावरून, म्हणजे उघड्या माळावरून, चालत जात होत्या; पावसात त्या कातळावर कसा काळोख होतो, ते इथल्या माणसाला सांगायला नको. दुचाकीवाल्यांनाही विचारा, पण त्यांचा आकडा वेगळा ठेवा. साहेब पहिली शंका त्यावरच घेतात.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सहा महिन्यांत त्या फेरीच्या किती खेपा ठरल्या होत्या, किती रद्द झाल्या आणि का, एवढंच मागा. रद्द झालेल्या खेपा हातात आल्या की भारमान का घसरलं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

ग्रामसभेचा ठराव एकट्या गावाचा नको. आमच्या रस्त्यावरच्या चारही ग्रामपंचायतींनी एकच मजकूर मंजूर केला आणि प्रती आगार व्यवस्थापक, विभाग नियंत्रक आणि आमदारांना दिल्या. पोच घ्याच. वेळ मागताना कॉलेज सुटण्याची वेळ बघा. रेल्वे स्टेशनची फेरी असेल तर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, तेव्हा दोन्ही वेळा लिहून द्या.

निवडणुकीत मतं मागायला आलेल्यांसमोरही तीच वही ठेवा. सगळे रस्त्याचं बोलतात. रस्ता हवाच, पण गाडी नसलेल्या माणसाने त्यावरून जायचं कशाने, हे प्रत्येक उमेदवाराला चारचौघांत विचारा.

आमची गाडी सात महिन्यांनी सुरू झाली, पावणेसहाला. पहिले तीन महिने दुचाकी घरी ठेवून एसटीनेच या, असं आम्ही वाडीवाडीत सांगत फिरलो. ज्या दिवशी गाडी येत नाही, त्याच संध्याकाळी तारीख वहीत चढते.