स्वसंरक्षणाच्या वर्गातील दावे कसे पारखावेत

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात कराटे, तायक्वांदो, क्राव मागा, लाठीकाठी आणि महिला स्वसंरक्षण अशा वर्गांचे फलक चौकाचौकांत दिसू लागतात. त्यांतील अनेक शिक्षक मनापासून शिकवतात. तथापि एका फटक्यात हल्लेखोर गारद होईल, अंगात ताकद नसली तरी चालेल, आठवडाभरात मुलगी निर्भय होईल, असे दावेही त्याच फलकांवर असतात आणि त्यांतले खरे किती, हे ठरवण्याचे साधन पालकाच्या हाती नसते. खरे तर हे साधन या शहराला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग हे कुस्तीचे मैदान १९१२ साली पुरे झाले, त्याआधीपासून इथल्या तालमींत एकच कसोटी चालत आली आहे: समोरचा पैलवान अंगातली सगळी ताकद लावून अडवत असताना डाव बसतो की नाही. हीच कसोटी इतर वर्गांना कशी लावावी, ते पुढे दिले आहे.

पायरी १: आपल्याला काय हवे आहे, ते आधी ठरवा

व्यायाम, स्पर्धा, परंपरा आणि प्रत्यक्ष संरक्षण या चार वेगवेगळ्या गरजा आहेत आणि एकच वर्ग या चारही पुरवील असे नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीत दांडपट्ट्याने लिंबू कापणारी मुलगी पाहिली की ऊर भरून येतो. तो अभिमान रास्तच आहे, कारण त्यामागे पवित्र्याचा, मनगटाचा आणि नजरेचा कित्येक महिन्यांचा सराव असतो. मर्दानी खेळ जपले पाहिजेत, मुलांनी ते शिकलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. परंतु जागेवर ठेवलेले लिंबू प्रतिकार करत नाही. म्हणून या कौशल्याला रस्त्यावरच्या संरक्षणाची हमी समजणे हे त्या खेळावरही अन्याय करणारे आहे.

पायरी २: पैसे भरण्यापूर्वी एक पूर्ण तास बसून पाहा

प्रात्यक्षिक पाहू नका, रोजचा सराव पाहा. जोडीतला एकजण हात पुढे करून पुतळ्यासारखा उभा राहतो आणि दुसरा त्याच्यावर तीन-चार हालचाली करतो, एवढेच तासभर चालले असेल, तर तिथे हालचालींचा क्रम पाठ होतो, लढण्याची सवय लागत नाही. सुरुवातीला असा सराव आवश्यकच असतो. प्रश्न आहे तो त्याच्यापुढे काय होते हा. शिक्षकांना नम्रपणे विचारा, ‘सर, समोरचा मोकळेपणाने प्रतिकार करतो असा सराव आठवड्यातून किती वेळा होतो?’ चांगला शिक्षक या प्रश्नाने सुखावतो.

पायरी ३: डाव वाढत्या प्रतिकाराविरुद्ध करून पाहा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. उदाहरण म्हणून कुस्तीतला एकेरी पट घ्या. समोरचा स्वस्थ उभा असेल, तर खाली झेपावून त्याचा एक पाय दोन्ही हातांनी धरणे आणि खांद्याचा रेटा देऊन त्याला पाडणे हे कोणालाही दोन दिवसांत जमते. आता त्याला सांगा, की मी पट काढणार आहे, तू तो काढू देऊ नकोस. तो पाय झटकन मागे घेतो, छातीचा भार तुमच्या मानेवर टाकतो, तुमचे डोके मातीकडे दाबतो आणि क्षणभर फसलात तर मागे जाऊन ताबाही घेतो. दोन दिवसांत शिकलेला डाव इथे मोडतो. पट काढण्यापूर्वी हाताने हूल द्यायची, मान ओढून त्याचे वजन पुढच्या पायावर आणायचे, झेप चुकली तर लगेच दुसऱ्या डावावर जायचे, हे सगळे त्या मोडण्यातूनच शिकता येते. वस्ताद डावाबरोबर त्याची तोडही शिकवतात, ते याचसाठी.

मनगट सोडवणे, मागून मारलेली मिठी सोडवणे, गळा सोडवणे या प्रत्येक गोष्टीची अशीच परीक्षा घ्या. आधी जोडीदाराने हलके धरावे, मग घट्ट धरावे, नंतर धरून ओढत न्यावे आणि शेवटी केव्हा व कुठून धरणार हे न सांगता धरावे. हा सराव गादीवर किंवा मातीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. हाताने थोपटताच सोडायचे, हा नियम दोघांनीही पाळावा. गळ्याच्या बाबतीत जोर अजिबात वाढवू नये, फक्त हालचाल वाढवावी.

या टप्प्यावर एक उत्तर हमखास ऐकायला मिळते: आमची विद्या इतकी घातक आहे, की खरा सराव केला तर माणूस मरेल. हे उत्तर स्वीकारू नका. जपानमध्ये जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्युडोची स्थापना केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले इजा करणारे प्रकार त्यांनी मोकळ्या लढतीतून वगळले. त्यामुळे उरलेले डाव विद्यार्थी रोज पूर्ण ताकदीने एकमेकांवर करू शकले आणि त्या रोजच्या लढतींतूनच ते तयार झाले. आपल्या कुस्तीतही बोटे पिरगाळण्यास किंवा डोळ्यांत बोट घालण्यास मनाई आहे, म्हणूनच पैलवान वर्षानुवर्षे रोज लढू शकतो. एप्रिल २०१७ मध्ये चीनमधील चेंगदू येथे शू शियाओडोंग या मिश्र युद्धकलेच्या लढवय्याने ताई ची या चिनी युद्धकलेच्या वेई लेई या गुरूला काही सेकंदांत खाली पाडले, ते दृश्य जगभर पाहिले गेले. त्यावरून ताई ची निरुपयोगी ठरत नाही. प्रतिकाराची सवय नसलेल्या माणसाचे काय होते, तेवढे त्यातून दिसते.

पायरी ४: चाकूच्या बचावाची स्केचपेनने परीक्षा घ्या

सर्वाधिक धोकादायक भ्रम इथे आहे, कारण त्याची किंमत जिवाने मोजावी लागते. जुना पांढरा बनियन घाला, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि जोडीदाराच्या हाती जाड लाल स्केचपेन द्या. वर्गात शिकवतात तसा एकच वार करून हात हवेत थांबवू नकोस, असे त्याला बजावा. डाव्या हाताने माझा बनियन धर आणि उजव्या हाताने भराभर, हात मागे घेत, पुन्हा पुन्हा भोसक, असे त्याला सांगा. दहा सेकंदांनी थांबा आणि पोटावरचे, बरगड्यांवरचे, हाताच्या आतल्या बाजूचे लाल डाग पाहा. नावाजलेल्या शिष्यांच्या अंगावरही डाग उठतात. चाकू समोर आला की पैसे किंवा मोबाईल देऊन टाकावा, पळता येत असेल तर पळावे, आणि दोन्ही शक्य नसेल तरच हातघाईवर यावे, हे जो शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

पायरी ५: पट्टा, फोडलेल्या फळ्या आणि वजन यांकडे डोळसपणे पाहा

काळा पट्टा ही त्या त्या संस्थेची पदवी आहे आणि संस्थेगणिक तिचा दर्जा बदलतो. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर हातांची पोलिसांत शस्त्र म्हणून नोंद करावी लागते, ही निव्वळ दंतकथा आहे. प्रात्यक्षिकात फोडल्या जाणाऱ्या फळ्या सहसा पातळ आणि कोरड्या असतात, दोन्ही कडांना आधार देऊन मध्ये मोकळ्या ठेवलेल्या असतात आणि घाव लाकडाच्या रेषांच्या दिशेने चिरेल असा बसतो.

वजनाला मात्र फार महत्त्व आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात घडले. १९४८ साली लंडनला ते ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकले. जगातल्या निवडक मल्लांनाही काही किलोंच्या फरकाने वेगळ्या गटांत लढवावे लागते, हे लक्षात घेतले तर ४५ किलोची मुलगी युक्तीच्या बळावर ८० किलोच्या माणसाला सहज लोळवील, हा दावा किती पोकळ आहे ते ध्यानात येईल. तिला शिकवायचे ते धरलेला हात सोडवून पळणे.

पायरी ६: हल्ल्याआधीच्या मिनिटांबद्दल काय शिकवतात, ते तपासा

कॅनडातील तीन विद्यापीठांत शार्लिन सेन आणि सहकाऱ्यांनी प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकी ३ तासांच्या ४ सत्रांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलींत पुढील वर्षभरात बलात्काराचे प्रमाण ५.२ टक्के आढळले, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या मुलींत ते ९.८ टक्के होते. त्या सत्रांत शारीरिक प्रतिकार होता, पण त्याच्या जोडीने ओळखीच्या माणसाकडून येणारा धोका ओळखणे आणि भिडस्तपणा सोडून ठामपणे नकार देणे यांवर भर होता. आपल्याकडच्या वर्गांत हल्लेखोर बहुधा अंधाऱ्या बोळातला अनोळखी माणूस असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर यांचा उल्लेखच निघत नाही. जिथे मुलींकडून मोठ्याने ‘लांब हो’ असे ओरडण्याचा, गर्दीच्या दिशेने धावण्याचा आणि ११२ क्रमांकावर ठिकाण सांगण्याचा सराव करून घेतला जातो, तो वर्ग निवडावा.

पायरी ७: कायदा समजून घ्या

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये दिला आहे. बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि धोक्याची रास्त भीती असेतोवरच तो हक्क टिकतो. हल्लेखोर पळू लागल्यावर त्याचा पाठलाग करून त्याला मारणे हा बचाव ठरत नाही. पडलेल्या माणसाला आणखी तीन लाथा घालून संपणारा क्रम जिथे शिकवला जातो, तिथे विद्यार्थ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची तयारी चालली आहे, असे समजावे.

पायरी ८: तीन महिन्यांनी पुन्हा तपासा

वर्गाबाहेरचा, त्या पद्धतीची माहिती नसलेला आणि साधारण आपल्याच वजनाचा मित्र किंवा मैत्रीण घ्या आणि शिक्षकांच्या परवानगीने त्यांच्यासोबत तिसऱ्या पायरीची परीक्षा पुन्हा द्या. जे डाव बसले ते वहीत लिहा, जे मोडले ते शिक्षकांपुढे ठेवा. त्यांनी हौसेने त्यावर काम सुरू केले तर वर्ग चालू ठेवा. त्यांनी तुमच्या श्रद्धेला दोष दिला तर भरलेल्या फीचा विचार न करता दुसरा वर्ग शोधा.